निळ्या झाडाच्या गावी

ऑनसाइटला डेन्व्हरला गेलेली मंडळी पहिल्याच वीकेण्डला रॉकी पर्वताकडे धाव घेतात. पण त्याआधीच एक झाड त्यांना गाठतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, बँकेच्या दारात, घरांच्या अंगणात. त्रिकोणी, जमिनीपासून फांद्यांनी गच्च आणि चक्क निळं! अगदी आकाशी नव्हे हं. काळ्या द्राक्षांवर जी पांढुरकी झाक असते ना, तशी. कारणही तेच, मेण. हेच मेण कोरड्या हवेत सुयांमधलं पाणी राखतं.

हे कोलोरॅडो ब्ल्यू स्प्रूस. 1862 मध्ये चार्ल्स पॅरी या वनस्पतितज्ज्ञाला ते पाइक्स पीकवर सापडलं. शास्त्रीय नाव पायसिया पंजेन्स, म्हणजे टोचणारं. हात लावून बघा, पटेल. ओळखायचा फंडा सोपा आहे. सुई चिमटीत धरून फिरवायची. चौकोनी असल्यामुळे ती गरागरा फिरते. फरची सुई चपटी, ती फिरत नाही. (डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जी कुंडी गळ्यात मारतात, ते बहुतेक वेळा अरॉकॅरिया. त्याचं कुळच वेगळं!)

उणे 40 अंशांतही हे झाड तग धरतं. सेल्सिअस की फॅरनहाइट, विचारू नका. तिथे दोन्ही आकडे एकच. त्यामुळे थंड प्रदेशात बागेचा प्लॅन करणाऱ्यांचं ते लाडकं. घराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला रांग लावली की बोचरा वारा अडतो. ड्राइव्ह-वेच्या दक्षिणेला मात्र चुकूनही लावू नये. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, सावली नेमकी रस्त्यावर पडते आणि तिथला बर्फ दिवसेंदिवस हटत नाही. आणखी एक. नर्सरीतलं चार फुटी गोंडस रोप लोक हौसेने खिडकीखाली लावतात. ते पुढे पन्नास फूट उंच आणि पंधरा-वीस फूट रुंद होतं. मग खालच्या फांद्या छाटायच्या आणि झाडाची सगळी शानच घालवायची!

खरी गोची वेगळीच आहे. थंडीला न घाबरणारं हे झाड दमट हवेपुढे हात टेकतं. मिशिगन, मिनेसोटाकडे ऱ्हायझोस्फेरा नावाची बुरशी त्याला गाठते. खालच्या, आतल्या सुया जांभळट-तपकिरी होऊन गळतात आणि झाड खालून वर उघडं पडत जातं. म्हणून तिकडे आता अनेक जण साउथ डकोटाचं ब्लॅक हिल्स स्प्रूस सुचवतात. ते निळं नाही, पण जास्त टिकतं. मला विचाराल तर तेच लावावं. निळ्या रंगाची एवढीच हौस असेल, तर तिकीट काढून कोलोरॅडो गाठावं.

तिथेही डोंगरभर निळाई शोधत बसू नका. रानातलं ब्ल्यू स्प्रूस साधारण सहा ते दहा हजार फुटांच्या पट्ट्यात, ओढ्याच्या काठाने, एकेकटं नाही तर चार-पाचांच्या घोळक्यात उभं असतं. त्यातली कितीतरी झाडं साधी हिरवीच. नर्सरीवाल्यांनी निळी तेवढी निवडून वाढवली, आणि आपल्याला वाटतं सगळी तशीच! पाइक्स पीकच्या पायथ्याशी गाडी थांबवा, पाण्याचा आवाज ऐकत चाला. मेअखेर ते जून हा मस्त काळ. फांद्यांच्या टोकांना नवी फूट येते, तपकिरी टोपी गळते आणि आत कोवळ्या, रुपेरी निळ्या सुयांचा झुबका. तेवढे दिवस ते टोचत नाही.