नेपाळ राहिले, नांदूर पाहिले

नेपाळला जायचे आम्हा चौघा मित्रांचे नक्की ठरले होते. पाठीवर पिशव्या टाकायच्या, नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी धरायची आणि सोनौलीच्या नाक्यावरून पायी सरहद्द ओलांडायची. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. लुंबिनीला आपल्याकडून सहली जातातच, पण बहुतेक तिथूनच माघारी फिरतात. आम्हाला पुढे जायचे होते. चितवनच्या जंगलात गेंडा बघायचा होता, पोखऱ्याच्या फेवा तलावात नाव वल्हवायची होती. त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो.

घोडे अडले ते रजेवर. आमच्यातला एक जण ठेकेदाराकडे कामाला आहे. दहा दिवस खाडा म्हणजे दहा दिवसांचा रोज बुडाला, आणि परतल्यावर काम राहील याची खात्री नाही. "तुम्ही तिघं जाऊन या," तो म्हणाला. ते कोणालाच पटले नाही. मग त्यानेच तोड काढली. "शनिवार-रविवार जमतो ना? माझ्या मावशीकडं चला, निफाडच्या पुढं, नदीकाठी. पाखरं बघायला लांबून लोक येतात म्हणे."

हा "म्हणे" ऐकून आम्ही हसलो. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने त्या गावात काढल्या, पण पाखरे बघायला म्हणून तो कधी काठावर गेला नव्हता. आम्ही तरी कुठे गेलो होतो? आपल्या माणसांचा प्रवास कामासाठी, लग्नाला, मयताला, नाहीतर ठरलेल्या तारखांना दादर आणि नागपूरला. नुसते बघायला जातो असे घरात सांगायलाही संकोच वाटतो. मी आईला सांगितले, "मित्राच्या मावशीकडं जरा काम आहे."

जानेवारीचा महिना होता. निफाडची थंडी ठाऊक असेलच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. एसटीने निफाड आणि तिथून जीपने मावशीच्या दारात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. पाठीवरची ओझी बघून मावशी म्हणाल्या, "काय रे पोरांनो, ऊस तोडायला निघाले का?" बोलणे चेष्टेचे होते, पण खरेच होते. पाठीवर संसार घेऊन फिरणारी माणसे त्या गावाने दर हंगामात पाहिली आहेत. ती हौसेने फिरत नाहीत, एवढेच.

जेवल्यावर आम्ही नदीपर्यंत फिरून येतो म्हणालो, तर मावशींनी दाराला कडी घातली. त्या भागात बिबटे उसातच राहतात, उसातच पिले वाढवतात. काका कैक वर्षे सालदार होते. शेताला लाईट रात्रीची, म्हणून उसाला बारे द्यायला ते एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन जायचे. गेंडा बघायला नेपाळला निघालेले आम्ही त्या रात्री लघवीलासुद्धा दोघे-दोघे मिळून गेलो.

सकाळी शेळ्यांना पाला आणायचा म्हणून मावशीही आमच्याबरोबर निघाल्या. धुके विरळ झाले आणि समोर पाणी दिसू लागले. हे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, इथे बंधारा बांधला. त्याचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे गेले. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. कालव्याला आवर्तन सुटले की पातळी उतरते आणि चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, गोगलगायी, शिंपले. साठवणीच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटाच, पण पाखरांचे ताट त्याच गाळाने वाढले. १९८६ साली इथे अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. रामसर हे इराणमधले गाव. पाणथळ जागा राखण्याचा करार १९७१ मध्ये तिथे झाला, म्हणून हे नाव.

गंमत म्हणजे नेपाळचे पहिले रामसर स्थळ कोशी टप्पू, तेही असेच आहे. कोसी नदीवर बंधारा झाला आणि त्याच्यामागे पाणथळ पसरली. म्हणजे आम्ही अगदीच चुकीच्या ठिकाणी आलो नव्हतो!

मनोऱ्यावर गावातलाच एक गाईड होता. वन विभागाने तिथल्या तरुणांना हे काम शिकवले आहे. तिपाईवरच्या दुर्बिणीतून त्याने एकेक पक्षी दाखवला. शेपटी तलवारीसारखी टोकदार, ते तलवार बदक. चोच फावड्यासारखी, तो थापट्या. लांब लाल पायांचा शेकाट्या. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी तर शेकड्यांनी. मग एका करड्या-पांढऱ्या, ढोकासारख्या पक्ष्याकडे बोट करून तो म्हणाला, "हा मुग्धबलाक."

"कसला मुग्ध?" मावशी खालून म्हणाल्या. "घोंगल्याफोड्या आहे तो. घोंगल्या फोडून खातो." गाईड हसला आणि म्हणाला, मावशींचे नाव जास्त बरोबर आहे. या पक्ष्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते आणि गोगलगायी हेच त्याचे मुख्य खाणे. पुस्तकातल्या नावावरून हे कळले नसते.

त्याने मावशींना वर बोलावले. चाळीस वर्षे काठावर राहून त्यांनी कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. मनोऱ्यावर बाहेरची माणसे चढतात, आपण खालून पाला घेऊन जायचे, एवढेच त्यांना माहीत. दुर्बीण चक्रवाकाच्या जोडीवर लावलेली होती, नारिंगी अंग, फिकट डोके. मावशी बराच वेळ बाजूला झाल्याच नाहीत. आम्ही मागे रांगेत उभे.

"हे येतं कुठून?"

"तिबेट-लडाखकडून, मावशी. हिमालय ओलांडून."

"मग तुमचं नेपाळ त्याच्या वाटेवरच की!"

उतरताना मात्र त्यांनी एक गोष्ट सुनावली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. वरच्या अंगाला सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, तसे मावशींच्या घरातही. धान्य गेले, पोरांची वह्या-पुस्तके गेली. गाळ काढा, ही त्या बाजूच्या लोकांची मागणी जुनी आहे. "पाखरांना गाळ पाहिजे, आम्हाला नको. सांग बाबा, कोणाचं ऐकायचं?" गाईड गावचाच पोरगा. तो काही बोलला नाही. आमच्याकडेही उत्तर नव्हते. शिवाय आपल्या नाशिकचे सांडपाणी याच नदीने खाली येते आणि पाणवेली माजतात, हेही तिथे उभे राहून दिसते. त्यात आम्ही वाटेकरी आहोतच.

दुसऱ्या दिवशी विंचूरवरून येवला गाठले. दर १३ ऑक्टोबरला आम्ही येवल्याला येतो, मुक्तिभूमीवर जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्याच तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळरानावर काळवीट आहेत, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हते. तिथे दाट झाडी नाही, गुडघाभर वाळले गवत आहे. पाठीने काळा, पोटाने पांढरा, पिळाच्या शिंगांचा नर आणि मागे वीसेक तांबूस माद्या. आमची चाहूल लागताच एकीने उभ्या जागी उडी मारली आणि अख्खा कळप उसळत पलीकडच्या टेकाडावर गेला. त्या पट्ट्यात उन्हाळ्यात माणसे टँकरची वाट बघतात. हरणांच्या पाणवठ्यांतही टँकरने पाणी सोडावे लागते. पाणी शोधताना काही विहिरीत पडतात. रब्बीचे पीक खाल्ले म्हणून शेतकरी त्यांना शिव्याही घालतो, आणि विहिरीत पडले तर दोर घेऊन धावतोही तोच.

ठेकेदाराकडे असलेल्या मित्राची सोमवारी पहिली पाळी होती, म्हणून अंधार पडायच्या आत परतीची एसटी धरली. रात्री घरी आईने ताट वाढले आणि विचारले, "झालं का काम?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. चक्रवाक, घोंगल्याफोड्या, हरणे, सगळे सांगितले. भाड्यापासून नाश्त्यापर्यंत दोन दिवसांत काय लागले तेही सांगितले. तिने मनातल्या मनात हिशेब केला.

"एवढ्यात होतं?" ती म्हणाली. "मग मला का नाही नेलं?"