हिवाळ्यात झोपलेली गाडी, जागी बॅटरी

कॅनडात रस्त्यांवर मीठ पडू लागले की हौसेच्या जुन्या गाड्या गॅरेजमध्ये जातात, त्या वसंतातच बाहेर निघतात. ठेवण्याआधी गाडी धुऊन कोरडी करावी, टाकी भरून पेट्रोलात स्टॅबिलायझर घालावा, ऑइल बदलावे, हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावावेत. खरी काळजी मात्र बॅटरीची.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडीथोडी वीज खातच असतात. 50 मिलिअँपिअर धरले तरी रोज 1.2 अँपिअर-तास जातात. म्हणजे 50 अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत रिकामी. रिकाम्या बॅटरीतले आम्ल पाण्यासारखे पातळ होते आणि उणे 10 अंशांच्या आसपास गोठून कवचच फोडते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 अंशांनाही तग धरते. शिवाय उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे जमतात, आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे बॅटरी मेंटेनर. तो भरलेल्या बॅटरीला सुमारे 13.5 व्होल्टवर नुसती राखतो. साधा चार्जर महिनोन्महिने जोडून ठेवला तर आतले पाणी उडून जाते. गॅरेजमध्ये वीजच नसेल तर ऋण टोकाची तार सोडावी. अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालवण्याची सवय सोडलेलीच बरी: स्टार्टरने खाल्लेली वीज तेवढ्यात भरून निघत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचते. महिन्यातून एकदा मीटर लावावा आणि दाब 12.4 व्होल्टच्या खाली दिसला की त्याच दिवशी बॅटरी चार्जिंगला लावावी.