आकडा आणि वेदना

सुई न टोचता, रक्ताचा एक थेंबही न काढता रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणारे चिमुकले यंत्र आता खेड्यापाड्यांना अपरिचित राहिलेले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा आशाताई व स्वयंसेवक ते घेऊन घरोघर फिरले. यामागील तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडले. बोटातून तांबडा व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश सोडतात. प्राणवायू गमावलेले रक्त तांबडा प्रकाश अधिक शोषते. प्राणवायूयुक्त रक्त अवरक्त अधिक शोषते. नाडीच्या ठोक्यागणिक होणाऱ्या चढउतारावरून यंत्र धमनीतील रक्ताचा हिशेब मांडते.

परंतु हा हिशेब धमनीचा आहे, हे आम्हांस विशेष सांगावेसे वाटते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातील एकोडीच्या परिसरात आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता एक तरुण हाडांच्या वेदनेने तळमळताना आम्ही पाहिला. त्याला सिकलसेल होता. एका दवाखान्याने बोटाला यंत्र लावून, ९७ हा आकडा पाहून त्याला घरी धाडले होते. त्याची आई म्हणाली, “फादर, आकडा चांगला हाय म्हनते, मंग पोरगं रडते काहून?”

त्या माउलीचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या या आनुवंशिक विकारात प्राणवायू सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात व केसाहूनही बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही. धमनी भरलेली आणि हाड उपाशी, अशी ही स्थिती! बोटावरच्या यंत्राला ती दिसत नाही.

सूक्ष्म वाहिन्यांतील हा तुटवडा प्रकाशानेच पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. डोळ्याच्या आतील पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या सरळ दिसतात. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात त्यांची छायाचित्रे घेऊन प्राणवायूचे प्रमाण काढता येते. मात्र ही साधने अद्याप मुख्यत्वे संशोधकांच्याच हाती आहेत.

आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमधील प्राणवायूची कमतरता या यंत्राकडून जवळजवळ तिप्पट वेळा निसटल्याचे दिसले. त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. उन्हातान्हात राबणाऱ्या आमच्या सावळ्या बांधवांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

म्हणून यंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. आकडा उतरला तर विनाविलंब दवाखाना गाठावा. पण आकडा चांगला असूनही सिकलसेलच्या रुग्णाला ताप, धाप, छातीत कळ वा असह्य वेदना असेल, तर थांबू नये. दवाखान्याच्या दारातच “याला सिकलसेल आहे” असे सांगावे. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्याला कामचुकार म्हणू नये. दुखते असे तो सांगतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा.