डोक्यावरचे गलबत

पॅरिसला जाऊन आयफेल मनोऱ्यावर न चढणारा माणूस आपल्याकडे करंटा ठरतो. तो करंटेपणा पत्करून मी एक अख्खी दुपार सीन नदीच्या काठावर, जुन्या पुस्तकवाल्यांच्या हिरव्या पेट्या धुंडाळण्यात घालवली. तिथे हाती लागल्या अठराव्या शतकातल्या व्यंगचित्रांच्या नकला.

काय ती चित्रे! बाईसाहेब आरशापुढे बसलेल्या, त्यांचे केस रचणारा कारागीर चक्क शिडीवर, आणि शेजारी लाळघोटेपणा करणारा एक चाहता. त्या काळी बड्या घरच्या स्त्रिया वेणीफणी चालू असतानाच पाहुण्यांना भेटत. म्हणजे प्रियाराधनही शिडीच्या सावलीतच चालायचे!

१७७४ साली मारी आंत्वानेत राणी झाली. तिचा केशभूषाकार लेओनार आणि फिती-टोप्या विकणारी रोझ बेर्तें यांनी 'पूफ' नावाचा थाट गाजवला. आत सांगाडा नि घोड्याच्या केसांची उशी, वर खोटे केस, चरबीचे मलम आणि पांढरी पूड. ही पूड पिठुळ सत्त्वाची. आणि १७७५ साली पावासाठी फ्रान्समध्ये दंगे झाले!

जून १७७८ मध्ये 'बेल पूल', म्हणजे 'देखणी कोंबडी', या फ्रेंच लढाऊ जहाजाने इंग्रजांच्या 'अरेथूसा'शी झुंज दिली. लगेच चित्रांतल्या बायकांच्या डोक्यावर डोलकाठ्या-शिडांसकट गलबत चढले.

अशी चित्रे विकणाऱ्यांचा बाजार तिथून जवळच होता. नदीपासून सॉर्बनच्या बाजूला चढत जाणारा रस्ता, रू सँ-झाक. तो चढ चढताना माझे हसू हळूहळू ओसरले. लोक हसले ते डोक्यावरच्या गलबताला. पण खजिना बुडवला तो समुद्रावरच्या खऱ्या गलबतांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सचे शंभर कोटी लिव्ह्रांहून अधिक खर्ची पडले, तेही बव्हंशी कर्ज काढून. राणीची उधळपट्टी खोटी नव्हती, पण त्यापुढे ती चिल्लर. मात्र बाईचे केस साऱ्या गावाला दिसतात; सरकारी कर्जाचे कागद कोण पाहतो? १७८७ साली राणीला लोक 'मादाम देफिसी', म्हणजे 'तुटीच्या बाई', म्हणू लागले, तेव्हा उंच केसांची फॅशन केव्हाच उतरली होती. चित्रांतली थट्टाही राहिली नव्हती. तिचा उघड द्वेष झाला होता.

रस्ता उतरून पूल ओलांडला की बेटावर कोंसिएर्झरीचे बुरूज दिसतात. राणीचा शेवटचा तुरुंग तो. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिथून तिला उघड्या गाडीतून वधस्तंभाकडे नेले. चित्रकार दाविदने तेव्हा तिचे घाईघाईने रेखाटन केले. साधी टोपी, तिच्याखाली कापलेल्या केसांच्या बटा, हात मागे बांधलेले, आणि ताठ बसलेली एक थकलेली बाई. ते चित्र पाहून कोणाला हसू येत नाही.