गोठणगांवची तिबेटी वसाहत

नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें सांगतात. आणि कोहळी लोकांस गोंड राजांनीं काशीकडून आणून येथें वसविलें, अशीहि परंपरा आहे. तेव्हां दूरच्या मुलुखांतून आलेल्यांस आमच्या झाडीपट्टीनें थारा देणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. याच अर्जुनी मोरगांव तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्याहि वसाहती आहेत. परंतु १९७२ सालीं गोठणगांव व प्रतापगड यांच्या परिसरांत जीं कुटुंबें येऊन उतरलीं, त्यांची कथा कांहीं निराळीच आहे.

१९५९ सालीं दलाई लामांनीं भारतांत आश्रय घेतला, व त्यांच्यामागून सहस्रावधि तिबेटी माणसें हिमालय ओलांडून आलीं. पुष्कळांनीं आरंभीं डोंगरी सडकांच्या कामावर राबून पोट भरलें. पुढें निरनिराळ्या राज्यांत त्यांस जमिनी मिळाल्या. महाराष्ट्रांतील त्यांची वसाहत ती ही, नोर्ग्येलिंग. त्या वेळीं हा भाग भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला.

वाचकांनीं क्षणभर कल्पना करून पाहावी. बारा-तेरा हजार फूट उंचीवरील कोरड्या थंडींत ज्यांचा जन्म गेला, जवाचे सातू हेंच ज्यांचें नित्याचें अन्न, त्यांस वैशाखांत आमच्याकडील ऊन, आणि आषाढांत बांधींतील गुडघाभर चिखलांत धानाची रोवणी! आम्हां येथल्यांनाहि तें ऊन सोसवत नाहीं. तरी ते धान पिकवावयास शिकले. नुसत्या धानावर वर्ष निघत नसे, म्हणून हिंवाळ्यांत लोकरी कपड्यांचीं गाठोडीं घेऊन ते शहरोशहरीं दुकानें मांडूं लागले. माझ्या अंगावरील पहिला स्वेटर आईनें नागपुरास अशाच एका तिबेटी बाईकडून घेतला होता. घासाघीस करण्यांत ती आईस मुळींच हार जाईना!

मागें एकदां वसाहतींत जाण्याचा योग आला. बौद्ध मंदिर, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पंचरंगी पताका, आणि शेजारींच धानाचीं तणसें. एका घरीं चहा झाल्यावर मीं तेथील मुलास सहज विचारलें, "तुमचें घर मूळचें कोठलें?" तो म्हणाला, "गोठणगांवचें. दुसरें कोठलें असणार?" त्यानें तें आजीस तिबेटी भाषेंत सांगितलें. माळ ओढीत बसलेली ती वृद्धा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, व मग तिनें आपल्या गांवाचें नांव उच्चारलें. तें मला नीट ऐकूं आलें नाहीं. मुलासहि तें दोनदां विचारून घ्यावें लागलें.