पाटवाले

हिरकणीवाडीतून वर पाहिले म्हणजे रायगडाचा जो सरळ तुटलेला कडा दृष्टीस पडतो, त्याच्या पायथ्याशी आज रज्जुमार्गाचे स्थानक आहे. आणि गडाचा माथा श्रावणातल्या ढगांत पार बुडून गेलेला असला, तरी पाऊसवारा थोडा कमी होताच मुंबई-पुण्याची मंडळी तेथे वर जाण्यासाठी रांग धरतात. गड पाहावा, हिरकणी बुरूज पाहावा, जगदीश्वराच्या दारातील ज्या पायरीवर हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरून ठेवले तीही पाहावी, हे सर्व यथोचितच आहे. परंतु या दिवसांत या मुलुखात आलेल्या रसिकाने गडावरून उतरल्यावर महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या आळीत गणपतीच्या कारखान्यात घटकाभर बसल्यावाचून परत फिरू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मोठ्या शहरांत कलावंत वर्षाकाठी एखाद्या नियत दिवशी आपल्या कार्यशाळेचे दार रसिकांना उघडून देतात; त्यासाठी निमंत्रणे जातात, जमीन झाडली जाते, अपुरी चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवली जातात आणि पाहुण्यांपुढे यजमान आपल्या कलेविषयी थोडे संकोचाने, थोडे पाठ केल्यासारखे बोलतो. येथे दार बंद करण्याची तजवीजच नाही. पडवीला ताडपत्रीचा आडोसा केला की कारखाना उभा राहतो, आणि रस्त्याने जाणारा शाळकरी पोरही दप्तरासकट आत शिरून, कोणाची परवानगी न घेता, अर्धवट देवाकडे पाहत उभा राहू शकतो.

कोकणची तांबडी माती या कामाला निरुपयोगी. शाडू गुजरातेतून पोत्यांनी येतो. तो भिजवून, तिंबून लोण्यासारखा मऊ झाला म्हणजे साच्यातून धड निघते, हात आणि सोंड मागाहून जोडली जातात आणि सांधे ओल्या बोटाने बुजवले जातात. मग मात्र मूर्तिकाराची सारी भिस्त हवेवर, आणि सावित्री-गांधारीच्या या खोऱ्यात श्रावणातली हवा म्हणजे मूर्ती वाळू न देण्याची जणू शपथच घेऊन आलेली. रंगकाम लांबते, रात्री वाढतात. सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ते काम घरातल्या सर्वांत जाणत्या हाताकडे असते, आणि तो हात कुंचला उचलतो तेव्हा इतका वेळ चाललेली राजकारणाची आणि भातलावणीची चर्चा आपोआप थांबते.

तथापि मला या कारखान्यांत मूर्तींपेक्षाही अधिक पाहावेसे वाटतात ते भिंतीशी ओळीने उभे केलेले पाट. चतुर्थीच्या कितीतरी आधी गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आणून ठेवते, त्यावर खडूने नाव लिहिले जाते आणि त्या पाटाच्या मापाची मूर्ती त्यावर बसते. कित्येक पाट आजोबांच्या वेळचे, एखाद्याला मागून पट्टी ठोकलेली. पाट ठेवून गेलेला मनुष्य आठवड्याच्या बाजाराला आला की सहज डोकावतो आणि सहज असे दाखवीत फार बारकाईने पाहतो: सोंड डावीच ना, पीतांबर गेल्या सालचाच ना, यंदा पोट जरा लहान का. शहरातील प्रदर्शनांतून मी पुष्कळ समीक्षक पाहिले आहेत. इतका अधिकार कोणाच्याही बोलण्यात आढळला नाही. ज्याला ती वस्तू घरी नेऊन, पुजून, ठरल्या दिवशी पाण्यात सोडायची आहे, त्याच्या पाहण्याला एक निराळीच धार असते.

याच जिल्ह्यात, अलिबागजवळ सासवण्यास, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचे (१८९१–१९६७) राहते घर आणि कार्यशाळा शिल्पालयाच्या रूपाने जनतेस खुली आहे. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले, असे सांगतात. पुढे १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा याच हातचा. तेथील सिमेंटची माणसे आणि जनावरे पाहताना मी चकित होतो, परंतु माझे तेथे काही ठेवलेले नसते. मी प्रेक्षक म्हणून जातो आणि प्रेक्षक म्हणूनच परततो. हा दोष करमरकरांचा नव्हे.

पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापुरासारख्या गावांत हा धंदा फार वाढला; तेथून मूर्ती देशभर आणि परदेशीही जातात, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसने तो वेग शक्य केला. हलके, लवकर वाळणारे, प्रवासात न फुटणारे असे ते द्रव्य. पाण्यात मात्र विरघळत नाही, म्हणून २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याविरुद्ध निर्देश काढले आणि मग अर्ज, हरकती, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. कारागिराच्या पोटाची कैफियत मला खोटी वाटत नाही. पण पेणच्या त्या हजारो मूर्तींना पाट नसतो. त्यांचा धनी कोण होणार हे घडवणाऱ्यास ठाऊक नसते, एवढे मात्र मनास लागते.

शाडूचा धोका निराळा. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी चढले, तेव्हा चतुर्थीस सात आठवडे होते. ज्याची कच्ची माती त्या पाण्याच्या वाटेत सापडली असेल, त्याच्या देवाचे विसर्जन प्रतिष्ठेआधीच उरकले. अशा वेळी पाटवाल्यांना सांगायचे काय, हा प्रश्न कोणत्याही विम्याच्या कागदात बसत नाही.

अशाच एका पडवीत मी बराच वेळ रेंगाळलो होतो. मूर्तिकाराने मान वर न करता विचारले, "तुमचा पाट कोणता?" पाट नाही, नुसताच पाहायला आलो आहे, असे मी म्हटले.

"मग बसा की," तो म्हणाला, "पण जरा आत सरकून बसा. पाटवाल्यांना वाट पाहिजे."