एक कनेक्शन, सगळ्यांना पुरेल असं



मागच्या स्वाध्यायानंतर दोघी-तिघींनी विचारलं, "तुमच्याकडे एकाच इंटरनेटवर ऑफिस, घर आणि सूनबाईंची नोकरी हे सगळं चालतं कसं?" उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना चिंचोळी एमआयडीसीत आहे. गेटजवळ ऑफिस, मध्ये मागांची पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे आमचं राहतं घर. फायबरची लाइन आलेली ती ऑफिसपर्यंत. घरात वायफाय मिळायचं ते फक्त पुढच्या खिडकीत. सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा, कधी चित्रच थिजायचं. शेवटी तिला सांगण्यात आलं की महिन्याभरात सोय करा, नाहीतर पुण्याला येऊन काम करा. पदरात दीड वर्षाचं मूल. नोकरी सोडते म्हणाली, पण म्हणताना तिचा चेहरा मला बघवेना.

हे म्हणाले, "घरासाठी दुसरं कनेक्शन घेऊन टाकू." त्यावर सासूबाईंनी विचारलं, "पहिलं पुरत नाही हे कुणी पाहिलंय का?" परिग्रहाला मर्यादा घालायची तर आधी आहे त्याचा हिशोब लागतो. सूनबाई लॅपटॉप घेऊन ऑफिसात राउटरशेजारी बसली आणि तिने वेग मोजला. वेग भरपूर होता! म्हणजे दुखणं कनेक्शनचं नव्हतं, वाटेचं होतं. वायफायच्या लहरी विटांच्या भिंतीतून थोड्याफार जातात, पण धातूच्या पत्र्यावर आपटून परत फिरतात. आमची अख्खी शेडच मध्ये उभी. तुमच्याकडेही नेट रडत असेल तर नवीन पैसे घालण्याआधी राउटरजवळ बसून एकदा वेग मोजा.

मग ऑफिसपासून घरापर्यंत केबल न्यायचं ठरलं. अंतर साधारण साठ मीटर. नेहमीची तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेलं तर वळवाच्या विजांचा झटका तारेतून दोन्हीकडच्या यंत्रांत शिरू शकतो. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून तीच घेतली आणि दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर बसवले. तारवाला जमीन खणून पाइप पुरणार होता. चातुर्मास सुरू होता. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता मातीत किती जीव असतात, खणू नका." मग पाइप कंपाउंडच्या भिंतीवरून क्लिपा मारून नेला. पुढे काही बिघाड झाला तरी तो डोळ्यांसमोर राहील, हा आणखी एक फायदा.

घरात दुसरा राउटर बसवला. तो 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून लावायला सांगा, म्हणजे वाटप एकच राउटर करतो आणि गोंधळ होत नाही. हे वाटप कसं होतं तेही सूनबाईने मला समजावलं. बाहेरच्या जगाला आपला एकच पत्ता दिसतो, जसा आमचा प्लॉट नंबर. आत प्रत्येक फोनला, लॅपटॉपला राउटर वेगळा क्रमांक देतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८ने सुरू होणारा. बाहेरून आलेलं टपाल गेटवरचा माणूस ज्याचं त्याला पोचवतो, तसंच. मला लगेच पटलं.

सूनबाईच्या टेबलाला मात्र वायफाय नाही, थेट तारच दिली. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला तार द्यावी, म्हणजे हवेतली गर्दी फिरत्या फोनांना मोकळी राहते. राउटरवर दोन नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्‌झचं लांब पोचतं पण सावकाश, ५ गिगाहर्ट्‌झचं जलद पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. स्वयंपाकघरात मी पहिलं वापरते.

आता वादाची गोष्ट. गेटजवळच्या खोलीत आमच्या रखवालदाराचं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी बारावीला. वडिलांच्या फोनवर डेटा संपला की तिचा अभ्यास थांबायचा. तिला पासवर्ड देऊ या, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "एकीला दिला की ड्रायव्हरपासून सगळ्यांकडे जाईल. त्याच नेटवर्कवर आपला हिशोबाचा संगणक आहे." त्यांची भीती खोटी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "सुमतीबाई शहांनी याच सोलापुरात मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. आपल्याला एका मुलीचं जमेना होय?" पण तेवढ्याने हिशोबाचा संगणक सुरक्षित होत नाही, हेही खरं. वाट सूनबाईनेच काढली. ऑफिसच्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय होती. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण आतले संगणक, प्रिंटर, कॅमेरे दिसत नाहीत. वेगाला मर्यादाही घालता आली. पासवर्ड दर महिन्याला बदलायचं ठरलं आणि यांनी होकार दिला. देताना मोकळ्या मनाने द्यावं, पण तिजोरीची किल्ली त्यात जाऊ नये. दोन्ही एकदम सांभाळता येतं, हे मला तेव्हा दिसलं.

दोन बारीक सूचना. राउटरच्या आतल्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. आणि वीज जाते तेव्हा मधलं एक यंत्र बंद पडलं तरी सगळं ठप्प होतं, म्हणून दोन्ही टोकांना छोटा यूपीएस ठेवा.

संध्याकाळी सामायिकाची ४८ मिनिटं घरातले फोन बाजूला राहतात. त्यासाठी राउटर बंद करायचा नाही असं आम्ही ठरवलं, कारण त्या वेळी कधी सूनबाईची मीटिंग असते. संयम ज्याचा त्याने पाळायचा.

सूनबाईची नोकरी टिकली. रखवालदाराची मुलगी आता गणिताचे व्हिडिओ पाहते, अडलं की सूनबाईला विचारायला येते. कुठली तार कुठे जाते आणि कुठला पासवर्ड कशाचा, हे आम्ही एका वहीत लिहून ठेवलंय. ती वही ऑफिसात नाही, माझ्या स्वयंपाकघरात आहे. तुम्हीही अशी एक वही करा.